घरातले बोइंग ७०७

फेब्रुवारी १९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात पहिले बोइंग ७०७ दाखल झाले. जेट विमान बाळगणारी ती आशियातली पहिली कंपनी. त्याच वर्षी १४ मे रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि १९६२ मध्ये पंख्याच्या विमानांना निरोप देऊन एअर इंडिया जगातली पहिली पूर्ण जेट कंपनी बनली. आज तिकीट काढून या विमानात बसायचे म्हटले तरी सोय नाही. इराणच्या साहा एअरलाइन्सची ७०७ ची प्रवासी सेवा २०१३ मध्ये थांबली आणि तो अध्याय मिटला. सामान्य माणसाला ७०७ हाताळायचे असेल, तर आता घरच्या संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर एवढीच जागा उरली आहे.

तिथे ते विमान खरोखर किती हाती लागते, हा या लेखाचा प्रश्न. ७०७, ७२७, जुने ७४७, कॉनकॉर्ड, सोव्हिएत तुपोलेव ही सगळी मंडळी सिम्युलेटरच्या जगात आहेत. चित्र हुबेहूब असते, आवाज अंगावर येतो. पण चित्र आणि आवाज म्हणजे विमान नव्हे. माझे मत आधीच सांगतो: त्या काळच्या वैमानिकाच्या डोक्याने केलेले काम घरी जवळजवळ पूर्ण अनुभवता येते, हाताने केलेले काम अर्धेमुर्धे, आणि ते विमान ज्या जगात उडत होते ते जग फारच थोडे.

ब्रूस आर्टविक यांनी ॲपल-२ साठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९७९ च्या सुमारास आणला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने बाजारात उतरवला. सुरुवातीच्या काळात चार रेघांचे डोंगर आणि छोटे सेसना, एवढाच संसार होता. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीला, २००३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने जी आवृत्ती काढली तिच्यात राइट फ्लायर होते, डीसी-३ होते. पहिल्या पिढीचे जेट प्रवासी विमान मात्र एकही नव्हते. ती उणीव हौशी मंडळींनी भरून काढली. ‘हिस्टॉरिक जेटलायनर्स ग्रुप’ने ७०७, डीसी-८, कॉन्व्हेअर ८८० आणि ९९० अशी विमाने त्यांच्या पॅनलसकट विनामूल्य उपलब्ध करून दिली. ‘टिनमाउस’ या नावाने ७३७-२०० चे पॅनल आले, तेही फुकट. नोकरीधंदा सांभाळून रात्री जागवणाऱ्या माणसांनी हे काम केले आहे, आणि या छंदाचा पाया त्यांनीच घातला हे आधी नोंदवायला हवे.

नंतर व्यावसायिक ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला वरून जोडायची विकतची विमाने, आली. कॅप्टन सिमचे ७०७ आणि ७२७, कूलस्कायचे डीसी-९, एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी फ्लायजेसिमचे ७२७ आणि ७३७-२००, फ्लाइट सिम लॅब्जचे कॉनकॉर्ड, फेलिसचे ७४७-२००. प्रोजेक्ट तुपोलेवचे टीयू-१५४ विनामूल्य होते, पण त्याची अवघड म्हणून ख्याती होती. कॉकपिटमधली अक्षरे रशियन, आणि मार्ग आखण्याची पद्धतही पाश्चात्त्य विमानांहून वेगळी. २०२० पासूनच्या नव्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये दृश्ये फार सुंदर झाली; जुन्या जेटच्या खोलवर केलेल्या प्रतिकृती मात्र त्या मानाने सावकाश येत गेल्या.

यांतले चांगले कोणते आणि दिखाऊ कोणते, हे ओळखायची माझी कसोटी फ्लाइट इंजिनिअरच्या जागेवर लागते. १९८२ मध्ये ७६७ सेवेत आले आणि दोन माणसांचे कॉकपिट मोठ्या विमानांतही रूढ होऊ लागले. त्याआधीच्या मोठ्या जेटमध्ये उजव्या भिंतीला तोंड करून तिसरा माणूस बसत असे. इंधन, वीज, हवेचा दाब, हायड्रॉलिक, सगळे त्याच्या ताब्यात. दिखाऊ ॲड-ऑनमध्ये ही भिंत नुसती रंगवलेली असते. बटणे दाबली जातात, होत काहीच नाही. चांगल्यात ती जिवंत असते.

७२७ चे जनरेटर जोडण्याचे उदाहरण घ्या. तिन्ही इंजिनांवर एकेक जनरेटर, ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. पहिला चालू असताना दुसरा त्याला जोडायचा तर दोघांची वारंवारता जुळली पाहिजे आणि लाटही एकाच क्षणी वर-खाली झाली पाहिजे. इंजिनिअर निवडलेल्या जनरेटरची वारंवारता नॉबने हलकेच फिरवतो. पॅनलवर दोन छोटे दिवे लुकलुकत असतात. वारंवारता जवळ येत जाते तशी त्यांची लुकलुक मंदावते. दोन्ही दिवे विझलेले असताना, नेमक्या त्या क्षणी, स्विच दाबायचा. घरी बसून हे पहिल्यांदा जमते तेव्हा वीज कशी वाहते हे पुस्तकापेक्षा पक्के कळते. इंधनाचेही तसेच. ७२७ ला तीन मुख्य टाक्या. मधल्या टाकीत इंधन जास्त. म्हणून आधी त्या एकाच टाकीतून तिन्ही इंजिनांना पाजायचे, तिन्ही टाक्यांतला साठा सारखा झाला की प्रत्येक इंजिन आपापल्या टाकीवर सोडायचे. लक्ष चुकले की पंखांचा तोल बिघडतो. आजच्या विमानात हे काम बहुतांशी आपोआप होते आणि पडद्यावर हिरवी रेघ दिसते.

कॉनकॉर्डमध्ये तर इंधन हेच तोल सांभाळण्याचे साधन होते. आवाजाचा वेग ओलांडताना पंखांवरच्या उचलीचा केंद्रबिंदू मागे सरकतो, आणि शेपटीला आडवे पंख नसलेल्या या विमानात तो फरक भरून काढायला कित्येक टन इंधन पुढून मागे पंप करावे लागे. परतीला, वेग उतरताना, पुन्हा पुढे. सिम्युलेटरवर हे विसरले तर विमान आपणहून आठवण करून देते.

डोक्याच्या कामातला दुसरा मोठा भाग म्हणजे गणित. ७०७ मध्ये खाली कधी उतरायला लागायचे हे सांगणारा संगणक नाही. दर हजार फुटांना तीन मैल हा ठोकताळा. ३५,००० फुटांवर असाल तर १०५ मैल, वर वेग कमी करायला आणखी दहा. जमिनीवरचा वेग ४२० नॉट असेल तर त्याची पाचपट, म्हणजे मिनिटाला सुमारे २,१०० फूट उतरायचे. पाठीमागून वारा असेल तर हिशेब बदलायचा. टेकऑफला इंजिनांचा जोर किती लावायचा तेही तक्त्यावरून: बाहेरचे तापमान, हवेचा दाब, विमानाचे वजन. मे महिन्यातल्या दुपारी सांताक्रूझहून निघणाऱ्या भरलेल्या जेटचा आणि जानेवारीत लंडनहून निघणाऱ्या जेटचा आकडा एक येत नाही. धावपट्टी संपत आली तरी चाके उचलत नाहीत, हा अनुभव सिम्युलेटरवर एकदा घेतलेला माणूस तापमानाचा रकाना पुन्हा विसरत नाही.

हाताच्या कामाकडे येऊ. इथे सिम्युलेटर लंगडा पडतो. ७०७ चे नियंत्रण बरेचसे वाऱ्याच्या मदतीने चाले: वैमानिकाच्या हातातून गेलेली तार एक छोटी पट्टी हलवी आणि ती पट्टी वाऱ्याच्या जोरावर मोठा पृष्ठभाग ढकली. त्यामुळे वेगागणिक हाताला लागणारा जोर बदलत असे. टेबलावरच्या जॉयस्टिकमध्ये एकच स्प्रिंग असते; ती १२० नॉटलाही तशीच आणि ३५० नॉटलाही तशीच. जोर उलट जाणवून देणारी महागडी साधने मिळतात, आणि त्यांनी थोडा फरक पडतो. पण पाठीला बसणारा रेटा, कानातला दडा, वळणात जड होणारे अंग, यांतले काहीच घरी येत नाही.

तरीही एका गोष्टीत चांगले ॲड-ऑन थक्क करते. ७०७ चे पंख ३५ अंश मागे झुकलेले. अशा विमानाला उंचावर ‘डच रोल’ची खोड असते: नाक डावी-उजवीकडे फिरते, त्यामागोमाग पंख वर-खाली होतात, आणि वैमानिकाने घाईने सुकाणू मारले तर झोका कमी होण्याऐवजी वाढतो. ऑक्टोबर १९५९ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका कोऱ्या ७०७ वर प्रशिक्षण चालू असताना हा झोका इतका वाढला की इंजिने निखळून पडली आणि विमान कोसळले. ब्रिटनमधले परीक्षण-वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी या स्वभावावर बोट ठेवले आणि ब्रिटिश मान्यतेसाठी ७०७ ची उभी शेपटी उंच करायला लावली. एअर इंडियाने घेतलेली रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनांची विमाने याच उंच शेपटीच्या जातीची. डेव्हिस यांचे १९६७ चे ‘हँडलिंग द बिग जेट्स’ हे पुस्तक आजही या छंदातल्या माणसाने वाचावे असे आहे. ॲड-ऑन विकत घेतल्यावर एक परीक्षा जरूर घ्या: ३५,००० फुटांवर स्थिर उडत असताना यॉ डँपर, म्हणजे हा झोका आवरणारी यंत्रणा, बंद करा आणि सुकाणूला हलकासा धक्का द्या. नाक डोलायला लागले तर बनवणाऱ्याने अभ्यास केला आहे. विमान रुळावरून चालल्यासारखे सरळच गेले तर पैसे रंगरंगोटीचे गेले.

७२७ ची परीक्षा उतरताना होते. तिच्या पंखांचे फ्लॅप प्रचंड. ४० अंशांवर सोडले की हवेला अडसर इतका होतो की विमान झपाट्याने खाली येते. इंजिने मंद ठेवलेली असतील तर पुन्हा पूर्ण जोर धरायला सहा-आठ सेकंद लागतात. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी सॉल्ट लेक सिटीला युनायटेडचे ७२७ नेमके असेच आले; खाली येण्याचा वेग फार होता, जोर लावायला उशीर झाला, विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले आणि आगीत ४३ माणसे गेली. त्यानंतर जगभर वैमानिकांना शिकवले गेले की जेटमध्ये इंजिनांना थोडा जोर देत देतच खाली यायचे. सिम्युलेटरवर ७२७ उतरवताना ही शिकवण कशासाठी हे आपोआप समजते.

आता मार्ग शोधण्याची गोष्ट. माझ्या मते जुन्या जेटचे सगळ्यात मोठे धन इथे आहे. सुरुवातीच्या ७४७ मध्ये डेल्कोची कॅरोसेल ही जडत्वावर चालणारी यंत्रणा होती. विमान जागेवर उभे असताना तिला आपण कुठे आहोत ते सांगायचे आणि पाव तास तिला स्थिरावू द्यायचे. तोवर विमान हलवायचे नाही. कीबोर्डवर नऊ ठिकाणांपुरती जागा. २ या आकड्यावर उत्तर दिशा, ८ वर दक्षिण, ४ वर पश्चिम, ६ वर पूर्व. मुंबईचा अक्षांश घालायचा तर आधी २, मग १-९-०-५-३, म्हणजे उत्तर १९ अंश ५.३ मिनिटे. एक आकडा चुकला तर यंत्र तक्रार करत नाही. निमूटपणे चुकीच्या जागी घेऊन जाते. शिवाय दर तासाला मैल-दीड मैल ती भरकटतेच. फेलिसच्या ७४७ मध्ये हे सगळे आहे, आणि पश्चिम आशियावरून लंडन गाठताना आकडे दोनदा तपासायची सवय लागते. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचे ७४७ सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ जण गेले. तपासाचा निष्कर्ष असा होता की ऑटोपायलट जडत्व यंत्रणेच्या मार्गाला जोडला न जाता दिशेवरच धरून राहिला होता. एका नॉबची ती गोष्ट कॅरोसेल हाताळलेल्या माणसाला अंगावर काटा आणते.

कॅरोसेलच्याही आधी व्हीओआर. जमिनीवरचे रेडिओ केंद्र सांगते की तुम्ही माझ्यापासून कुठल्या रेषेवर आहात. रेषेवर कुठे, ते सांगत नाही. दुसऱ्या केंद्राची रेषा पहिलीला छेदते तिथे विमान. त्यासाठी दोन ग्राहक यंत्रे लागतात. २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी मुंबईहून दिल्ली, बेरूत करत जिनिव्हाकडे निघालेल्या एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या ७०७ मध्ये त्यांतले एक यंत्र बंद पडलेले होते. वैमानिकाचा अंदाज होता की माँ ब्लाँ मागे पडला. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर खरी जागा दिसत होती आणि त्याने शिखर अजून पाच मैल पुढे असल्याचे सांगितलेही. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते, आणि ते शिखर ओलांडल्याच्या समजुतीने विमान उतरत राहिले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. या अपघाताभोवती कटाच्या कहाण्या आजही फिरतात. त्या ऐकण्यापूर्वी कुणीही एक करावे: सिम्युलेटरवर ७०७ घ्यावे, ढग भरावेत, दुसरे व्हीओआर बंद करावे आणि दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून जिनिव्हाकडे यावे. एका रेषेवर आपण नेमके कुठे, हे ठरवताना घड्याळ आणि अंदाजावर किती भिस्त ठेवावी लागते ते कळते. पाच मैल म्हणजे त्या वेगाला पाऊण मिनिट. चौकशी अहवालातली कोरडी वाक्ये मग निराळी वाचली जातात.

जुने जग मात्र घरी आणता येत नाही, आणि ही खरी खंत आहे. नव्या सिम्युलेटरची जमीन आजच्या उपग्रह-चित्रांवरून तयार होते. विमान १९६५ चे, खाली सी-लिंक आणि बांद्रा-कुर्ला संकुल. व्हीओआर केंद्रे जगभर एकेक करून बंद होत आहेत. सिम्युलेटरमधली माहिती ताजी केली की जुना मार्गच पुसला जातो. हाँगकाँगचे काई ताक ६ जुलै १९९८ ला बंद झाले. डोंगरावरच्या लाल-पांढऱ्या चौकटी दिसताच उजवीकडे ४७ अंश वळून, इमारतींच्या गच्च्यांवरून १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायचे, ते आता हौशींनी तयार केलेल्या दृश्यांतच शक्य आहे. म्हणूनच पुष्कळ जाणकार आजही २००३ ची जुनी आवृत्ती संगणकावर जपून ठेवतात. ‘कॅलिफोर्निया क्लासिक्स’सारख्या गटांनी पन्नास-साठच्या दशकातले विमानतळ तिच्यासाठीच उभे केले आहेत. मुंबईच्या बाबतीत असे काम झाले तर मोठी गोष्ट होईल. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पुढे निघून गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आजच्या झगमगाटात ती गफलत समजत नाही. तेव्हाची विरळ उपनगरे आणि तेव्हाचे दिवे मांडले तर समजेल.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे ७४७ सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात पडले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. विमान उजवीकडे कललेले आहे असे ते दाखवत राहिले आणि कॅप्टनने विमान डावीकडे कलवत नेले. २१३ जण गेले. घरी हा बिघाड घडवून आणता येतो, आणि शेजारची दोन क्षितिजे पाहून आपण सहज सावरतो. सावरता येते कारण आपली खुर्ची हलत नाही. बाहेर काळा समुद्र असताना कानातला तोलच खोटी साक्ष देऊ लागतो, तो प्रकार टेबलापाशी घडत नाही. तेव्हा घरी जमले म्हणून त्या वैमानिकांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ७३७-२०० सुचवेन. दोनच माणसांचे कॉकपिट, तरीही सगळी गोल घड्याळे आणि व्हीओआरचे उड्डाण. शिवाय सत्तरच्या दशकात इंडियन एअरलाइन्स हेच विमान मुंबईहून उडवत होती, त्यामुळे मार्ग ओळखीचे. ते हातात बसले की ७२७, मग ७०७. कॉनकॉर्ड आणि टीयू-१५४ शेवटी. जॉयस्टिकवर खर्च कमी केला तरी चालेल; पायाखालच्या रडर पेडलवर कमी करू नये, कारण आडव्या वाऱ्यात त्यांच्यावाचून निभाव लागत नाही. सिम्युलेटर कोणता हा वाद मी दुय्यम मानतो. ज्यात इंजिनिअरचे चांगले पॅनल मिळेल तो घ्यावा, आणि मूळ विमानाची पुस्तिका शेजारी उघडी ठेवावी.

त्या पुस्तिकांविषयीच शेवटची विनंती. ॲड-ऑन बनवणाऱ्यांना माहिती मिळते ती जुन्या कार्यपुस्तिकांतून, तक्त्यांतून आणि निवृत्त माणसांच्या बोलण्यातून. अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांचे साहित्य त्या मानाने पुष्कळ जपले गेले. एअर इंडियाचे ७०७ उभे-आडवे ओळखणारी माणसे, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, सांताक्रूझच्या हँगरमधले तंत्रज्ञ, त्यांची कुटुंबे मुंबईत, पुण्यात, गोव्यात आहेत. १९६० मध्ये जो पंचविशीत होता तो आज नव्वदी ओलांडतो आहे. तुमच्या घरात असे आजोबा, काका, मामा असतील तर फोनवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवा. कपाटात त्यांच्या वह्या, चेकलिस्ट, इंधनाचे तक्ते असतील तर रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.